बालाघाटावरचे उन्हाळी शिबिर

(पाटोदा परिसरातील शिक्षक, स्काऊटमास्तर, गाईड कॅप्टन व पालक यांच्यासाठीच्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एप्रिल उजाडला की शहरातील मध्यमवर्गीय घरांत उन्हाळी शिबिरांची पत्रके येऊ लागतात. पोहणे, चित्रकला, नाट्य, व्यक्तिमत्त्व विकास. ज्याला जे रुचेल आणि परवडेल ते. पाटोदा तालुक्यात मात्र या दिवसांना वेगळाच अर्थ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. घरांची कुलुपे निघतात, वस्त्यांवरच्या थंडावलेल्या चुली पुन्हा पेटतात. सहा महिने आजीच्या आधाराने किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेले मूल आणि सहा महिने परमुलखात राबलेले आई-बाप एका छपराखाली येतात ते याच दिवसांत.

स्काऊट पथकाचे शिबिर या तालुक्यात उन्हाळ्यातच का भरवावे, याचे उत्तर या वस्तुस्थितीत आहे. हिवाळ्यातले शिबिर हवामानाच्या दृष्टीने सोयीचे. परंतु त्या वेळी अनेक मुले कारखान्यांच्या परिसरात असतात. पथक शाळेत, तंबू मैदानावर आणि मुलगा उसाच्या फडाच्या बांधावर. अशा मुलाच्या स्काऊटगणवेशाची घडी बहुधा प्रवेशाच्या पायरीवरच मिटते. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपानाच्या पुढच्या पायऱ्या इतरांसाठी उरतात. ज्या मुलाला शिबिराची गरज सर्वाधिक, नेमका तोच शिबिराबाहेर राहतो. म्हणून ऊन सोसूनही येथील शिबिर उन्हाळ्यातच व्हावे.

ब्राउन्सी बेटापासून भारतापर्यंत

शिबिराचे मर्म ध्यानी घ्यायचे तर चळवळीच्या उगमाकडे जावे लागते. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने सुमारे वीस मुलांना घेऊन तंबू ठोकले. त्यातली काही मुले धनिकांच्या नामांकित शाळांतली, तर काही सामान्य कष्टकरी घरांतली होती. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन्ही मुले एका ताटलीत जेवण्याची कल्पनाही कोणी केली नसती. बेडन-पॉवेल यांनी त्यांचे चार संघ केले, प्रत्येक संघाला एका पशूचे वा पक्ष्याचे नाव दिले, प्रत्येकाला एक नायक नेमला आणि संघाची जबाबदारी त्या नायकावर सोपवली. वेगवेगळ्या थरांतली मुले एका दोरीला हात लावून तंबू उभारू शकतात आणि विश्वास टाकला तर मूल त्या विश्वासाला उतरते, या दोन गोष्टी त्या बेटावर सिद्ध झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि चळवळ जगभर पसरली.

ती भारतात आली १९०९ मध्ये, बंगळूरला. परंतु आली ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. ज्या देशाच्या मातीत तंबू रोवायचा त्याच देशाच्या मुलाला तंबूत प्रवेश नव्हता. या अन्यायाला भारतीयांनी कृतीने उत्तर दिले. १९१३ च्या सुमारास मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी आणि शाहजहानपूर येथे श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांची पथके उभी केली. नागपूरला वकिली करणारे बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासेत भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. पाठोपाठ पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांच्या पुढाकाराने सेवा समिती स्काऊट संघटना उभी राहिली. यांतले कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे निष्ठावंत सदस्य. परदेशातून आलेल्या एका खेळाला यात्रेकरूंच्या आणि रुग्णांच्या सेवेची जोड या मंडळींनी दिली, आणि तो खेळ या भूमीचा झाला.

१९३७ मध्ये बेडन-पॉवेल दिल्लीच्या जांबोरीसाठी भारतात आले होते. त्यानंतर भारतीय भाषांत ‘ऑनर’ या अर्थाचा शब्दच नाही, अशा आशयाचे त्यांचे विधान प्रसिद्ध झाले. देशभर संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट संघटना अस्तित्वात आली. स्वातंत्र्यानंतर या वेगवेगळ्या प्रवाहांचा संगम होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स’ची स्थापना झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटनाही तीत सामील झाली. पाटोद्याचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. म्हणजे येथील नागरिक भारतीय संघराज्यात आले आणि दोन-सव्वादोन वर्षांतच देशातील मुलांना एक ध्वज, एक वचन आणि एक गणवेश लाभला.

‘मान’ या शब्दाचा अर्थ

ज्या भाषांत मानाला शब्द नाही असे म्हटले गेले, त्या भाषांतल्याच एका शब्दावर आज स्काऊट पथकाचा कारभार चालतो. तो शब्द आहे ‘मानसभा’. पथकातील सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो, प्रत्येक संघाचा एक संघनायक असतो आणि सर्व संघनायक एकत्र बसतात ती मानसभा. उद्या स्वयंपाक कोणाकडे, पाणी कोणाकडे, तंबूवरून झालेले भांडण कसे मिटवायचे, वचन मोडणाऱ्या सोबत्याला काय सांगायचे, हे सारे तेथे ठरते. स्काऊटमास्तर तेथे असतो. परंतु तो सल्ला देतो, हुकूम सोडत नाही.

शिबिराच्या साऱ्या परंपरांचा हा कणा आहे. ध्वजवंदन, शिट्टीच्या खुणा, संघाची आरोळी, डाव्या हाताचे हस्तांदोलन, तीन बोटांचा प्रणाम ही त्या कण्यावरची वस्त्रे. कण्यावाचून वस्त्रे अंगावर ठरत नाहीत. अलीकडे काही ठिकाणी शिबिराचा मंडप भाड्याने येतो, जेवण आचारी रांधतो, तंबू कंत्राटदाराची माणसे ठोकतात आणि मुले पाहुण्यांची भाषणे ऐकत रांगेत बसून राहतात. शेवटी प्रमाणपत्र हाती पडते, छायाचित्र निघते. असे शिबिर दिसायला नेटके असते. पण त्यातून मूल घरी जाते ते जसे आले तसेच. करपलेली भाकरी खाऊन स्वतःवरच हसणारा संघ याहून खूप काही घेऊन जातो.

उन्हाळी शिबिराचा दिवस

बालाघाटाच्या पठारावर मे महिन्यात पारा चाळीस अंशांकडे झुकतो. म्हणून येथे दिवस दोन्ही टोकांनी वापरावा लागतो. पहाटे पाचला शिट्टी, प्रातर्विधी, मग बी.पी.चे सहा व्यायामप्रकार. त्यानंतर तंबूंचे निरीक्षण. अंथरुणांच्या वळकट्या एका रेषेत आहेत का, दोऱ्या ताठ आहेत का, ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन खड्डे वेगळे आहेत का, हे पाहिले जाते. सांडपाण्याच्या खड्ड्यावर काटक्या आणि गवताची चाळण घालतात. तेलकट खरकटे तिच्यात अडकते आणि पाणी तेवढे जमिनीत मुरते. गवत रोज बदलायचे. जी गोष्ट आरोग्याच्या पुस्तकातील एका धड्याने कळत नाही, ती अशा खड्ड्यापाशी दोन दिवसांत कळते. निरीक्षणानंतर प्रार्थना, ध्वजारोहण आणि मग उन्हाचा चटका वाढेपर्यंत मैदानी पाठ.

अकरा ते चार हा वेळ लिंबाच्या नाही तर वडाच्या सावलीचा. प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशा, दोरीच्या गाठी. गाठ शिकवताना नेहमीचा अनुभव असा की पुस्तक घोकणारा मुलगा अडखळतो आणि गुरे राखणारा मुलगा पुढे सरकतो. खुंट्याला दावे बांधण्याची सवय असलेल्या हातांना ‘क्लोव्ह हिच’ हे नाव नवे असते, दोरीचा फेर नवा नसतो.

ऊन कलले की मागखुणांचा खेळ. एक संघ पुढे जाऊन दगड, काटक्या, गवताच्या गाठी यांनी खुणा ठेवतो. दुसरा संघ त्या वाचत मागोमाग जातो. बाणाची खूण म्हणजे या वाटेने जा. फुलीची खूण म्हणजे या वाटेने जाऊ नको. सर्वांत शेवटची खूण म्हणजे वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी एक ठिपका. तिचा अर्थ, मी घरी गेलो. बेडन-पॉवेल १९४१ मध्ये केनियात निवर्तले. न्येरी येथील त्यांच्या समाधीवर हीच खूण कोरलेली आहे. ज्या तालुक्यात ‘घरी गेलो’ या दोन शब्दांसाठी मुले सहा-सहा महिने वाट पाहतात, तेथे या खुणेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कोपीत वाढलेला संघनायक

ऊसतोड मजुराच्या तात्पुरत्या झोपडीला कोपी म्हणतात. चार बांबू, वर पाचट किंवा प्लास्टिकचे कापड आणि आत एक संसार. अशा कोपीत काही हंगाम काढलेले मूल शिबिरात येते तेव्हा त्याला खूप काही आधीच येत असते. तीन दगडांची चूल वाऱ्याची दिशा पाहून कशी मांडावी, ओल्या लाकडाने जाळ कसा धरावा, धाकट्या भावंडाला सांभाळत भाकरी कशी भाजावी, हे त्याला ठाऊक असते. उसाची मोळी उसाच्याच वाढ्याला पीळ देऊन कशी बांधतात, हे त्याने पाहिलेले असते. शहरातला मुलगा पैसे भरून जे ‘साहस’ शिकायला जातो, ते याच्या वाट्याला न मागता आलेले असते.

येथे एक सावधगिरी हवी. कोपीतले जगणे हे साहस म्हणून गौरवण्याजोगे नाही. उघड्यावरची थंडी, पहाटे फडात निघून गेलेली आई, बुडालेली शाळा, मुकादमाच्या उचलीखाली दबलेला बाप यांत गोड मानावे असे काही नाही. शिबिरातला तंबू पाच दिवसांचा आणि स्वखुशीचा, कोपी सहा महिन्यांची आणि नाइलाजाची. हा भेद पुसून टाकणारे कौतुक त्या मुलाचा अपमान करते.

परंतु शिबिर एक गोष्ट करू शकते. गरजेपोटी अंगी आलेल्या कौशल्याला ते मान देऊ शकते. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, सहा महिन्यांच्या खंडामुळे वाचनात मागे पडलेला मुलगा जेव्हा वादळी वाऱ्यात तंबूची दोरी पुन्हा बांधतो आणि डॉक्टरांचा मुलगा, शिक्षकांचा मुलगा त्याच्या हाताखाली खुंटी धरून बसतो, तेव्हा दोघांच्याही मनात काही तरी कायमचे बदलते. पहिल्याला कळते की आपल्याला येते ते ज्ञान आहे. दुसऱ्याला कळते की आपल्या पानातली साखर कोणाच्या घामातून आली आहे. समरसतेवरची कितीही व्याख्याने दिली तरी हा पाठ त्यांतून मिळणार नाही. तो एका दोरीला दोघांचे हात लागल्यावरच मिळतो. म्हणून संघ पाडताना गुणपत्रिका पाहू नये आणि संघनायक निवडताना वडिलांचा हुद्दा विचारू नये.

गाईड पथकातील मुलींसाठी हा प्रश्न अधिक गंभीर आहे. आई-बाप हंगामावर गेले की थोरली मुलगी घराची आई होते. तिची काळजी वाटते म्हणून तिचे लग्न लवकर उरकण्याकडे कल वाढतो; बालविवाहाच्या बाबतीत बीड जिल्ह्याची स्थिती चिंतेची आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतूनही पुढे आले आहे. अशा मुलीने पाच दिवस संघनायिका म्हणून निर्णय घेतले, रात्री पहाऱ्याची पाळी सांभाळली, मानसभेत आपले म्हणणे मांडले आणि समारोपाला आई-बापांनी ते डोळ्यांनी पाहिले, तर तिच्या पुढच्या शिक्षणाचा विषय घरात निघण्यास निदान एक निमित्त मिळते. आई-बाप गावी असण्याचा हंगाम शिबिरासाठी निवडायचा तो याचसाठी.

पाण्याचा हिशेब

पाटोदा तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरात मांजरा नदी उगम पावते. पुढे धनेगावच्या धरणातून हीच नदी लातूर शहराची तहान भागवते. २०१६ च्या एप्रिलमध्ये ते धरण कोरडे पडले आणि लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. उगमाजवळच्या मुलांनी ही कहाणी विसरता कामा नये. सौताड्याचा रामेश्वर धबधबाही हाच पाठ देतो. पावसाळ्यात विंचरणेचे पाणी तेथे दरीत झेपावते तेव्हा पर्यटकांची रीघ लागते. उन्हाळ्यात त्याच जागी उघडा कातळ असतो. शिबिरार्थींनी तो कातळ अवश्य पाहावा.

काटकसर आणि निसर्गप्रेम या दोन्ही गोष्टी स्काऊटच्या नऊ नियमांत आहेत. येथील शिबिरात त्यांचा अर्थ घागरीने मोजता येतो. प्रत्येक संघाला दिवसाचे पाणी मोजून द्यावे आणि त्याचा हिशेब संघाच्या वहीत लिहायला लावावा. पिण्याला किती, रांधायला किती, अंघोळीला किती. भांडी राखेने घासून मग थोड्या पाण्याने विसळावीत. अंघोळीचे पाणी झाडाच्या आळ्यात जावे. तिसऱ्या दिवशी मुलेच एकमेकांना टोकू लागतात. नायगावच्या मयूर अभयारण्याला भेट देताना, १९९४ मध्ये संरक्षण लाभलेल्या त्या रानात आवाज चढवायचा नाही, विस्तव न्यायचा नाही आणि मोराचे पीसही उचलायचे नाही, हे मानसभेने आदल्या रात्रीच ठरवावे. मुलांनी स्वतः केलेला नियम मुले सहसा मोडत नाहीत.

शेकोटी आणि सप्ताह

शिबिराची रात्र शेकोटीची. मे महिन्यात वाळलेल्या गवताच्या माळावर मोठा जाळ करणे धोक्याचे. जमीन स्वच्छ करून, भोवती पाणी आणि माती तयार ठेवून लहानसा विस्तव पुरतो, वारा असेल तर कंदीलही चालतो. शेकोटीला ऊब हवी ती माणसांची. तिचाही एक क्रम असतो. आरंभी उत्साहाच्या आरोळ्या, टाळ्यांचे प्रकार, प्रहसने, गाणी; मग आवाज हळूहळू उतरत जातो, एखादी कथा होते, चिंतन होते आणि प्रार्थनेने सांगता होते. चढत्या जाळाबरोबर हसायचे आणि निखाऱ्यांबरोबर शांत व्हायचे, हे मुले न सांगता शिकतात.

या मुलखाला ही लय परकी नाही. गहिनीनाथगड आणि संत वामनभाऊंचा वारसा लाभलेल्या या परिसरात अखंड हरिनाम सप्ताह गावोगाव होतात. पहाटेचा काकडा, दिवसा पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि पंगतीत वाढणारे गावातले तरुण. वाढणारा शेवटी जेवतो, हा तिथला संकेत आणि संघनायक शेवटी ताट वाढून घेतो, हा शिबिरातला संकेत, दोन्ही एकच आहेत. म्हणून शेकोटीला चित्रपटगीतांच्या ध्वनिफिती लावण्यापेक्षा आजीकडून ऐकलेली ओवी, गावातले भारूड, हंगामावर बैलगाडीशेजारी बसून ऐकलेली गोष्ट यांना आधी जागा द्यावी. स्काऊट शिबिरात सर्वधर्म प्रार्थनेची रीत आहे. ती रीतही उरकून न टाकता समजून पाळावी.

मागे काय उरावे

मुक्काम हलवताना जागा होती त्याहून स्वच्छ करावी, खड्डे बुजवावेत आणि जमिनीच्या मालकाचे आभार मानावेत, ही स्काऊटांची जुनी रीत. तंबू उतरला, गवत पुन्हा उभे राहिले की शिबिराची खूण माळावर राहत नाही. ती मुलांत राहायला हवी, आणि त्यासाठी वडीलधाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, शिबिराची तारीख ठरवताना गावातली कुटुंबे परतली आहेत का हे आधी पाहावे. दुसरी, समारोपाच्या दिवशी व्यासपीठ लहान आणि सतरंजी मोठी असावी. पुढची जागा आई-बापांना द्यावी आणि शिबिराचा वृत्तान्त संघनायकांनीच सांगावा. तिसरी गोष्ट दिसायला किरकोळ आहे, परंतु तीच सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक संघाची एक वही असते. तीत सोबत्यांची नावे, कामांच्या पाळ्या, पाण्याचा हिशेब, शेकोटीला कोणी काय सादर केले याच्या नोंदी असतात. दिवाळीनंतर एखादा मुलगा आई-बापांबरोबर फडाकडे निघून जातो. त्या दिवशी त्याचे नाव त्या वहीतून खोडू नये. त्याची पाळी संघाने वाटून घ्यावी, त्याची जागा रिकामी ठेवावी, आणि जमल्यास पथकाची खबर देणारे एक पत्र त्याच्या कारखान्याच्या पत्त्यावर धाडावे.

उन्हाळ्यात तो परत येईल तेव्हा त्याला नव्याने प्रवेश मागावा लागता कामा नये. वहीत नाव असेल, तंबूत जागा असेल आणि दोरीचे एक टोक त्याच्या हाताची वाट पाहत असेल. पथक या शब्दाचा अर्थ त्या दिवशी त्याला कोणी सांगावा लागणार नाही.